तोंडावर वाळलेला चिखल

१२ जानेवारी

दादा,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तर मीटिंगमध्ये आहे म्हणून ठेवून देतोस. म्हणून पत्र. पत्र निदान मीटिंग संपेपर्यंत टेबलावर पडून राहील.

मुद्द्याचं आधी लिहिते, नाहीतर म्हणशील डावरीचं पाल्हाळ सुरू झालं. घरामागच्या रानात मला पिवळ्या गोगलगायी दिसल्या. जिवंत. बाबांच्या त्याच. मधासारखा रंग, कडेला तपकिरी पट्टा आणि वळसा उलटा, डावीकडे जाणारा. तूच म्हणायचास ना, देवाने या बेटावर दोनच गोष्टी डाव्या हाताने केल्या, एक ही गोगलगाय आणि एक आमची बहीण.

गेल्या आठवड्यातल्या वाऱ्यात खरबरीत पानांच्या झाडाची फांदी मोडून न्हाणीघराच्या पत्र्यावर पडली. ती ओढून काढताना पानांच्या पाठीला चिकटलेल्या सापडल्या. मी तिथेच पत्र्याला टेकून बसले. बाबा गेल्यापासून एवढा आनंद झाला नव्हता.

आता दुसरं. धावपट्टी लांबवायची म्हणून आपलं रान तोडायचं ठरतंय. पलीकडच्या बाजूला नुसता खडक आहे, तिकडे वळवता येईल, पण तिकडे खर्च जास्त. सुनावणीचे साहेब येऊन गेले. मी त्यांना गोगलगायींचं सांगितलं. ते म्हणाले, दुसरीकडे कुठेच नाही असं काही इथे जिवंत आहे, हे संग्रहालयाने लिहून दिलं तर रान राहील. नुसतं तुमच्या सांगण्यावर नाही राहणार. सुनावणी एप्रिलमध्ये आहे.

त्या संग्रहालयात गोगलगायींच्या विभागाचा प्रमुख माझा भाऊ आहे, हे सांगताना माझी मान किती ताठ झाली होती म्हणून सांगू.

घराला धक्का नाही, तेव्हा घाबरू नकोस. पण मी इथे राहिले ती या चार भिंतींसाठी नाही. शिलाईचं मशीन मी मागच्या खिडकीशी ठेवलंय ते रान दिसावं म्हणून. ते गेलं तर मला इथे काही उरत नाही. फोटो सोबत आहे. वहिनींना नमस्कार.

तुझी
डावरी

२३ जानेवारी

चि. डावरे,

अनेक आशीर्वाद. फोटो पाहिला. त्यात गोगलगायीपेक्षा तुझा अंगठा जास्त आला आहे.

तुझा उत्साह समजतो, पण जरा थंड डोक्याने वाच. त्या गोगलगायीचा शेवटचा नमुना आमच्या कपाटात आहे तो बाबांनी गोळा केलेला. त्यावरची नावाची चिठ्ठी माझ्या हातची आहे, मी तेव्हा शाळेत होतो. त्यानंतर दोन पथकं बेटावर येऊन रान पिंजून गेली. एकही मिळाली नाही. आमच्या नोंदीत तिच्यापुढे ‘नष्ट’ लिहिलेलं आहे, आणि ते मी पुष्कळ विचार करून लिहिलेलं आहे. तू पाहिलीस ती बहुधा रोपांच्या कुंड्यांमधून बाहेरून आलेली असेल. तसल्या हल्ली सगळीकडे आहेत.

तरीही तुझं समाधान व्हावं म्हणून सांगतो. फोटोवरून नोंद होत नाही. ड्रॉवरमध्ये शंख पाहिजे, आणि त्याच्याबरोबर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. एकच पाठवलास तर कोणीही म्हणेल की विकृत नमुना आहे. पाच तरी पाठव. बाबा करायचे तसं कर: उकळतं पाणी, मग टाचणीने मांस ओढून काढायचं, शंख धुऊन सावलीत वाळवायचा.

रानाचं वाईट वाटतं. पण विमान रोज यायला लागलं तर तुम्हा लोकांचीच सोय होईल, हाही विचार कर.

दादा

४ फेब्रुवारी

दादा,

बोटीवरच्या खलाशाच्या हातात बिस्किटाचा डबा दिला आहे. तो स्वतः तुमच्या कचेरीत आणून देईल. डब्यात पाच आहेत.

उकळत्या पाण्यात मी टाकल्या नाहीत. बाबा टाकायचे तेव्हाही मी अंगणात पळून जायची, आठवतं ना? आणि तू चिठ्ठ्या लिहीत आत बसायचास, कारण अक्षर तुझं चांगलं. झाडावर चढायचं मी, हात खरचटून घ्यायचे मी, आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे तुझं अक्षर. असो.

जिवंतच पाठवते आहे. कोरडे दिवस आहेत, त्यामुळे त्यांनी तोंडावर पापुद्रा धरला आहे आणि त्या झोपल्या आहेत. म्हणून प्रवास सोसतील. मलमलीच्या धुतलेल्या कापडात एकेक वेगळी गुंडाळली आहे. डबा उघडलास की ओल्या फडक्यावर ठेव आणि वरून थोडं पाणी शिंपड. थोड्या वेळात शिंगं काढतील. तुला हे मी सांगायला नको, पण बाबांच्या वेळचं तू विसरला असशील म्हणून लिहिते.

रानभर हिंडून मला सगळ्या मिळून आठच सापडल्या. त्यातल्या पाच देते आहे. पाठवताना मन खात होतं, पण तू मागितल्यास म्हणून दिल्या. आणखी मागू नकोस.

त्यापेक्षा तू स्वतःच का येत नाहीस? बोटीचा एका दिवसाचा तर प्रवास. रानात उभा राहा, डोळ्यांनी बघ, परत जाऊन लिही. तुझी खोली झाडून ठेवते.

डावरी

१ मार्च

चि. डावरे,

डबा पोचला. पाचही नमुने तपासले. जात तीच आहे, त्याबद्दल तुझं अभिनंदन. मात्र हे शंख जुने आणि रिकामे आहेत. तोंडावर वाळलेला चिखल आहे. कपारीत वर्षानुवर्षं पडलेले शंख असे मिळतात, त्यात नवल नाही. त्याप्रमाणे नोंद केली आहे: ‘जुने शंख, मृत्यूची तारीख अज्ञात.’ कार्डावर चिकटवून क्रमांकही टाकला. सुनावणीच्या कचेरीतून विचारणा आली होती, त्यांनाही तसंच कळवलं.

पाणी शिंपडायचं लिहिलं होतंस. वस्तुसंग्रहालयात नमुने भिजवत नाहीत, शंखाचा रंग उतरतो.

येण्याचं म्हणशील तर गुडघ्याने फार सतावलं आहे. जिने चढणं बंदच आहे, तिथे बोटीच्या शिडीचं नाव नको. तुझी वहिनी रोज तेल चोळते, पण फरक नाही.

दादा

९ मार्च

दादा,

तुझं पत्र मशीनवर ठेवून मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाटलं माझंच काही चुकतंय.

चिखल कुठला? धुतलेल्या मलमलीत, बिस्किटाच्या कोऱ्या डब्यात चिखल कसा येईल? तो त्यांचा पापुद्रा आहे. तुला तो माहीत आहे. आपण लहान असताना तू खोडावरून एक ओढून काढली होतीस आणि बाबांनी तुझ्या पाठीत धपाटा घातला होता. ती झोपली आहे, ती मेलेली नाही, असं म्हणाले होते. त्या दिवशी तू जेवला नाहीस. एवढं सगळं माझ्या लक्षात राहिलं आणि तुझ्या नाही?

हातात घेऊन बघ. रिकामा शंख हलका लागतो, या जड आहेत. तुला हे शिकवायची माझी लायकी नाही, पण तुला कोणी शिकवलं ते तर मला माहीत आहे ना.

तुझ्या पाया पडते. कार्ड काढ, ओल्या फडक्यावर ठेव, चहा पिऊन ये आणि बघ. मग हवं ते लिही. काहीच हललं नाही तर मी पुन्हा या विषयावर अवाक्षर काढणार नाही. सुनावणीला अजून वेळ आहे.

डावरी

२० मार्च

चि. डावरे,

पत्र पोचलं. तुझ्या शब्दांनी वाईट वाटलं, पण लहान आहेस म्हणून सोडून देतो.

कार्डावर एकदा गोंद लागला आणि क्रमांक पडला की तो नमुना माझा राहत नाही, संग्रहालयाचा होतो. प्रत्येकाचे नातेवाईक पत्र लिहायला लागले म्हणून आम्ही नमुने सोडवून पाण्यात घालत बसलो तर कपाटात काही शिल्लक राहायचं नाही. नोंदीला काही शिस्त असते. त्यात बहीणभाऊ आणायचे नाहीत, हे मी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पाळत आलो आहे.

एक मोठा भाऊ म्हणून लिहितो, राग मानू नकोस. बाबांच्या मागे तू एकटी पडलीस. एकट्या माणसाला जे हवं असतं ते दिसायला लागतं. इकडे येऊन चार दिवस राहा. वहिनीलाही सोबत होईल. मात्र या महिन्यात नको, कामाचा डोंगर आहे. कसला ते मागाहून कळवीन. आनंदाचंच आहे.

दादा

१८ एप्रिल

दादा,

काल सुनावणी झाली.

मी राहिलेल्या तिघींपैकी एक काचेच्या बरणीत घालून नेली होती. पान ओलं करून ठेवलं होतं. शाळेच्या हॉलमध्ये टेबल मांडलं होतं आणि मागे बाकांवर सगळं गाव बसलं होतं. निम्म्यांना धावपट्टी हवी आहे, त्यांचा मला राग नाही. मी बरणी साहेबांपुढे आडवी केली. ती बाहेर आली. हळूहळू शिंगं काढली आणि टेबलावरून त्यांच्या फायलीकडे निघाली. साहेबांनी फाइल बाजूला घेतली, तिला वाट दिली. माणूस वाईट नव्हता. मागची माणसं बाकांवरून उठून बघायला लागली. मला वाटलं, जिंकलो.

मग त्यांनी तुझा कागद वाचून दाखवला.

वाचून झाल्यावर ते मला म्हणाले, “बाई, ही जिवंत आहे हे मला दिसतंय. पण ही तीच आहे हे मी कशावरून म्हणू? ते सांगू शकेल असा माणूस एकच, तुमचे भाऊ. आणि ते सांगतायत की ती आता नाही.”

मागून कोणीतरी हसलं. कोण ते मी वळून पाहिलं नाही. बरणी उचलली, पदराने टेबल पुसलं आणि घरी आले. तिला परत झाडावर ठेवली. पुढच्या सोमवारपासून तोडायला सुरुवात आहे.

दादा, तू चुकलास असं म्हणत नाही. चुकलेला माणूस एकदा तरी परत बघतो.

डावरी

२ जून

चि. डावरे,

आशीर्वाद. सोबत माझं पुस्तक पाठवतो आहे, ‘बेटावरच्या नष्ट गोगलगायी’. सगळ्या आयुष्याची मेहनत आहे. मार्चच्या शेवटी मोठ्या थाटात प्रकाशन झालं. व्यासपीठावरचा फोटोही पुस्तकाच्या पानांत घालून पाठवला आहे. तुला आधी कळवणार होतो, पण तू तेव्हा वेगळ्याच मनःस्थितीत होतीस.

अर्पणपत्रिका बघ. पुस्तक बाबांना वाहिलं आहे. पिवळीवर स्वतंत्र प्रकरण आहे, ते लोकांना फार भावलं. वाचताना पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात.

पोच दे.

दादा

६ डिसेंबर

चि. डावरे,

तू पुस्तकाची पोच दिली नाहीस, माझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाहीस. तरीही आज लिहिल्याशिवाय राहवत नाही. घाईघाईने लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे.

तुझी गोगलगाय जिवंत आहे.

आमच्याकडे नवीन आलेली मुलगी जुन्या कार्डांचे फोटो काढून नोंदी संगणकावर चढवते आहे. तुझ्या पाचांच्या कार्डावर तिला चकाकणारी रेघ दिसली, आणि कार्डाची कड कुरतडलेली. तिने मला न विचारता कार्ड कोमट पाण्यात धरलं. सकाळी मी कचेरीत पोचलो तेव्हा ती बशीच्या काठावर बसली होती. म्हणजे गोगलगाय. शिंगं काढून. इतके महिने गोंदाने चिकटलेली, अंधारात, अन्नपाण्याशिवाय! बाकीच्या चारही भिजवून पाहिल्या. त्यांच्यातून काही बाहेर आलं नाही.

संचालक स्वतः पाहून गेले. वर्तमानपत्रवाले येऊन गेले. ‘नष्ट झालेली गोगलगाय परतली’ असा मथळा आहे, कात्रण जोडतो. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार, त्यात नवं प्रकरण घालायचं आहे आणि गोळा करणारी म्हणून तुझं नाव. संपूर्ण नाव, ठळक अक्षरांत. बाबा असते तर किती खूश झाले असते.

जे झालं त्यात कोणाचाच दोष नाही. त्या पापुद्र्यात आणि चिखलात भलेभले फसतात.

आता कामाचं. ती काही खात नाही. कोबी, काकडी, वाटलेलं अंड्याचं कवच, सगळं देऊन पाहिलं. बाबा म्हणायचे की ती फक्त खरबरीत पानांवर धरणारी बुरशी चाटते. तेव्हा परतीच्या बोटीने त्या झाडाची एक डहाळी, पानांसकट, ओल्या फडक्यात गुंडाळून पाठव. जमल्यास त्याच झाडावरची आणखी एखादी गोगलगायही पाठव. एकटीपासून वंश पुढे चालत नाही. फार वेळ नाही गं, रोज थोडी थोडी आत जाते आहे.

तुझा
दादा

१९ डिसेंबर

दादा,

पत्र मिळालं. कात्रणही मिळालं. त्यात तू बशी हातात धरून उभा आहेस. पुस्तकाबरोबर आलेल्या फोटोतही चांगला उभा होतास. व्यासपीठाच्या पायऱ्या दिसतात त्यात, मी मोजल्या नाहीत, पण गुडघा बरा होता हे पाहून जिवाला बरं वाटलं.

डहाळी पाठवत नाही. झाड नाही. तू लिहिलंस ते वाचून मी उगीचच उठून मागच्या खिडकीशी गेले, जणू एखादं राहिलं असेल. आता तिथून सरळ समुद्रापर्यंत दिसतं. मध्ये खडी आहे, रोलर आहे आणि धुळीने पांढरी झालेली कुंपणाची जाळी आहे. मशीन मी आता पुढच्या खोलीत आणलंय.

आणखी एखादी गोगलगायही पाठवत नाही. राहिलेल्या तिघींना मी तोडायच्या आदल्या दिवशी घरी आणलं होतं. लाकूडतोड्यांच्या पाया पडून रोज एक फांदी मागून घेत होते. ते देत होते, हसत हसत का होईना. मग फांद्या संपल्या. पहिली जूनमध्ये गेली, त्याच दिवशी तुझं पुस्तक आलं. दुसरी त्यानंतर. तिसरी ऑगस्टपर्यंत बरणीच्या काचेला चिकटून होती. ती सुनावणीची. मी तिला रोज पाणी शिंपडत होते. एक दिवस बोट लावलं तर शंख सुटून हातात आला, आणि हलका लागला.

कोणाचा दोष नाही म्हणतोस. मी तुला पत्रात लिहिलं होतं पाणी शिंपड. मग पाया पडून लिहिलं. एक बशी पाणी हवं होतं, दादा. त्या मुलीला ते कोणी न सांगता सुचलं आणि तुला बहिणीने विनवूनही सुचलं नाही, कारण तुझ्या पुस्तकात ती मरून गेली होती आणि पुस्तक छापखान्यात होतं. तुला पापुद्रा ओळखता आला नाही यावर मी मरेपर्यंत विश्वास ठेवणार नाही. तुझ्याविषयी एवढं वाईट लिहिताना मला रडू येतंय. पण हात थांबत नाही.

बाबा खूश झाले असते म्हणतोस. बाबांनी धपाटा घातला असता.

मी तुझ्याकडे राहायला येणार नाही. वहिनींना माझा राग नाही म्हणून सांग. दुसऱ्या आवृत्तीत माझं नाव घालू नकोस, ठळक नको आणि बारीकही नको.

माझं एकच काम कर, आणि हे माझं शेवटचं मागणं. ती आत आत जाते आहे म्हणतोस, म्हणजे हे पत्र पोचेपर्यंत बहुधा गेलेली असेल. तिच्यासाठी नवं कार्ड करावं लागेल. त्यावर जुने शंख लिहू नकोस आणि चिखल लिहू नकोस. तारीख आता अज्ञात नाही, ती घाल. गोळा करणाऱ्याच्या जागी कोणाचंच नाव नको. आणि ठिकाण विचारतात तिथे आपलं रान लिहू नकोस, बेटही लिहू नकोस. शेवटची जिवंत कुठे सापडली ते लिही. तुझ्या ड्रॉवरमध्ये.

स्वतःच्या हाताने लिही. अक्षर तुझं पहिल्यापासून चांगलं आहे.

डावरी